धारेकडून पोलादाकडे

वस्तरा दगडावर लावताना त्याची पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकलेली असते. सुरीला धार लावताना कोन हात सांभाळतो. वस्तऱ्याचा कोन मात्र पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी या दोन मापांनी आधीच ठरलेला असतो. हाताला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. आपल्याकडचे मिस्त्री इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, आणि गंमत अशी की वस्तऱ्याची रुंदीही जगभर याच मापात सांगितली जाते: पाच सुती, सहा सुती, सात सुती. सहा सुती म्हणजे साधारण 19 मिलिमीटर. त्याची पाठ साडेपाच मिलिमीटर ठेवली तर धारेचा एकूण कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो, आणि दाढीला हवा तो हाच. त्याच रुंदीला चार मिलिमीटरची पट्टी वापरली तर कोन बारा अंशांवर उतरतो. अशी धार पहिल्या दिवशी डोळे दिपवते आणि चौथ्या दिवशी दुमडते. उलट दोन सूत जाडीची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची पट्टी सहा सुती वस्तऱ्याला घेतली तर कोन एकोणीस अंशांपर्यंत चढतो आणि पाते गालावर ओढ घेऊ लागते. तीच पट्टी सात सुती वस्तऱ्याला अगदी चपखल बसते. म्हणून पोलादाच्या दुकानात विचारायचा पहिला प्रश्न जाडीचा असतो. नाव आणि नंबर नंतर.

हे इतक्या सुरुवातीला सांगण्याचे कारण असे की हाताने वस्तरे बनवू पाहणारी बहुतेक मंडळी उलट्या टोकाकडून निघतात. सलूनमधल्या उस्तऱ्यात आता अर्धे ब्लेड अडकवलेले असते. धोकटीतला खरा वस्तरा जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. त्यामुळे आज जो कोणी वस्तरा घडवायला बसतो तो हौसेने बसतो, आणि हौशी माणसाला आधी नावे भेटतात: अमुक जपानी पोलाद, तमुक पावडरचे पोलाद, दमास्कस. यातले सर्वांत महाग ते सर्वांत चांगले, असा एक न बोललेला समज असतो. या प्रस्तावनेत त्या समजाशी वाद घालायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: वस्तऱ्याला बारीक कणांचे, स्वच्छ आणि सगळीकडे सारखे असलेले पोलाद लागते, आणि ते आपल्या भट्टीला पेलणारे असावे लागते. या दोन अटींत बसणारी पोलादे बहुधा साधी असतात, स्वस्त असतात आणि त्यांची नावे ऐकून कोणी चकित होत नाही.

आधी पहिली अट. दाढीचा केस जाडीला ढोबळमानाने मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. नीट लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक मात्र मायक्रॉनच्या दशांशांत मोजावे लागते. पोलाद कडक केले की त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात: मार्टेन्साइट नावाची कडक लोखंडी बैठक, आणि तिच्यात विखुरलेले कार्बाइडचे त्याहून कडक कण. कार्बाइडमुळे धार झिजायला वेळ लागतो, म्हणून डाय-पंच बनवणारे भरपूर कार्बाइडचे पोलाद पसंत करतात. आपल्या टूलरूममध्ये ज्याला एचसीएचसी म्हणतात ते डी-2 असेच आहे. त्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन आणि 11 ते 13 टक्के क्रोमियम असते, आणि त्याची काही कार्बाइडे दहा-वीस मायक्रॉन किंवा त्याहून लांब असतात. पत्रा कापणाऱ्या पंचाला हे वरदान ठरते. पण जिथे धारेचे टोकच मायक्रॉनहून बारीक, तिथे वीस मायक्रॉनचा खडा म्हणजे मातीच्या पातळ भिंतीत बसवलेला धोंडा. तो दगडावर नीट घासला जात नाही, आणि कधीतरी उखडून निघाला की मागे खड्डा ठेवतो. पावडरपासून बनवलेल्या महागड्या पोलादांत ही कार्बाइडे दोन-चार मायक्रॉनपर्यंत लहान केलेली असतात; सुरीसाठी ती प्रगती मोठीच आहे, पण वस्तऱ्याच्या मापाने तेही खडेच. साध्या कार्बन पोलादात आणि बेअरिंगच्या पोलादात, पाणी नीट दिले असेल तर, कार्बाइडे मायक्रॉनच्या आतबाहेर राहतात.

झीज सोसण्याची ताकद कमी असेल तर धार लवकर जाईल, हा यावरचा स्वाभाविक आक्षेप आहे. पण वस्तऱ्याची धार झिजून जाते, हे गृहीतक तरी कुठे तपासलेले असते? 2020 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या जिआनलुका रोशोली, जेम तासान आणि सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केस ब्लेडची धार बिघडवतो तरी कसा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी केस कापताना धारेचे निरीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केले, तेव्हा गोलसर झिजलेल्या कडेऐवजी तुटलेले टवके दिसले. ते कुठेही पडत नव्हते. केस वाकून धारेला तिरका भिडला, धारेत त्या जागी पोलादाची रचना असमान असली आणि केसाची कड नेमकी त्या कमकुवत जागी आली, म्हणजे टवका उडत होता. त्यांचे प्रयोग बाजारातल्या दाढीच्या ब्लेडवर होते, हातघडीच्या वस्तऱ्यावर नव्हते. त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण कारण तेच राहते. धारेचा खरा शत्रू असमानता आहे, आणि झिजेला तोंड देण्यासाठी पोलादात जे जे कोंबावे त्यातले बरेचसे असमानता वाढवतेच.

शेफील्डच्या इतिहासातही हेच पाहायला मिळते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले कारागीर ज्या पोलादाची पाती बनवत ते स्वीडनहून आलेल्या लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून, दिवसेंदिवस तापवून तयार केलेले असे. कार्बन बाहेरून आत झिरपे. साहजिकच साल कडक आणि गाभा मऊ. त्या कांबी तोडून, जुळवून, पुन्हा पुन्हा घडवून कारागीर त्यात थोडाफार सारखेपणा आणत. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी होता. घड्याळाच्या स्प्रिंगला हे पोलाद पुरे पडेना, म्हणून 1740 च्या दशकात शेफील्डजवळ त्याने तेच पोलाद मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतायला सुरुवात केली. त्याने त्यात नवीन काही घातले नव्हते. जे होते ते फक्त सगळीकडे सारखे केले. पुढे शतकभर शेफील्डच्या वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’ असा शिक्का अभिमानाने मारला गेला तो या सारखेपणासाठी. या गोष्टीचा उत्तरार्धही लक्षात ठेवण्याजोगा आहे. शेफील्डच्या कारागिरांनी आधी हे पोलाद नाकारले. ते त्यांच्या हातोड्याला आणि भट्टीला फार कडक पडत होते, म्हणून हंट्समनचा माल आधी फ्रान्सला गेला. त्या कारागिरांना हटवादी म्हणणे सोपे आहे. पण त्यांची अडचण खरी होती: पोलाद उत्तम असून भागत नाही, ते आपल्या भट्टीत घडले पाहिजे. मी सुरुवातीला मांडलेल्या दोन्ही अटी या एका प्रसंगात आहेत.

याच इतिहासात मुंबईचाही एक धागा आहे. 1790 च्या दशकात मुंबईत असलेले डॉ. हेलेनस स्कॉट यांनी भारतीय वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि जॉर्ज पियर्सन यांनी 1795 साली रॉयल सोसायटीपुढे त्यांचा अभ्यास मांडला. लंडनचा हत्यारे बनवणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट वूट्झवर खूश होता, आणि त्यानेच तरुण मायकेल फॅरेडेला सोबत घेऊन वूट्झसारखे पोलाद मिश्रणाने बनवता येईल का, याचे प्रयोग केले. त्यांचे निबंध 1820 आणि 1822 चे. त्यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम अशा धातू मिसळून पाहिल्या. चांदी तर पाचशेत एक भाग एवढीच सामावे. त्याहून जास्त घातली की ती वेगळी होऊन बाहेर दिसू लागे. एवढ्यावर बाजाराने ‘सिल्व्हर स्टील’चे वस्तरे विकायला काढले. आज आपल्या हार्डवेअरच्या दुकानात सिल्व्हर स्टील म्हणून जो चकचकीत गोल रॉड मिळतो त्यात तर चांदी नसतेच. एक टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले ते चांगले पोलाद आहे, नाव चकाकीवरून पडले आहे. पोलादाच्या नावावर किती विसंबावे, याचा दोनशे वर्षे जुना दाखला म्हणून हे सांगितले.

दमास्कसबद्दल फार लिहायचे नाही. दोन पोलादांचे थर एकावर एक जोडून काढलेली नक्षी सुंदर दिसते यात शंका नाही. पण ती नक्षी म्हणजे ठरवून आणलेली असमानताच, आणि धार तिच्यातून आरपार गेली तर इंचभर लांबीत ती कितीदा तरी एका पोलादातून दुसऱ्यात शिरते. दोन्ही थर बारीक कणांचे असले तर निभावते. नक्षीची हौस असेल तर ती पाठीवर आणि पात्याच्या बाजूंवर असू द्यावी, मध्ये धारेसाठी साध्या पोलादाचा एकच थर घालावा. एवढी तडजोड मला मान्य आहे.

आता दुसरी अट, भट्टीची. साधे कार्बन पोलाद, उदाहरणार्थ अमेरिकी नावाचे 1095, कागदावर वस्तऱ्याचे आदर्श पोलाद आहे: जवळजवळ एक टक्का कार्बन, थोडे मँगनीज, बाकी लोखंड. जपानी शिरोगामी त्याचेच आणखी शुद्ध भावंड. पण लाल तापलेल्या अवस्थेतून हे पोलाद जेमतेम सेकंदभरात पाचशे अंशांच्या खाली आणले नाही तर ते कडक होत नाही. त्यासाठी पाणी, मिठाचे पाणी किंवा खास जलद तेल लागते. पाण्यात बुडवले की पातळ धारेला चीर जाण्याची टांगती तलवार असते, आणि साध्या जाड तेलात बुडवले तर धार कडक होण्याआधीच वेळ निघून गेलेली असते. ओ-1 हे पोलाद नेमके या अडचणीवर निघालेले आहे. सुमारे 0.9 टक्के कार्बन, एक टक्क्याहून थोडे जास्त मँगनीज, अर्धा-अर्धा टक्का क्रोमियम आणि टंगस्टन. मँगनीज आणि क्रोमियममुळे सेकंदभराची घाई काही सेकंदांवर येते, त्यामुळे कोमट तेल पुरते आणि पाते फारसे वाकत नाही. आपल्या टूलरूमवाल्यांनी त्याला नावच तसे दिले आहे: ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारे आणि न आकसणारे. पाणी द्यायचे, पण तेलात. आठशे अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटे धरून तेलात बुडवले आणि दोनशेच्या जवळ टेंपर केले तर रॉकवेल साठ-बासष्टची कडकी मिळते. वस्तऱ्याला तेवढीच हवी. भट्टीला तापमापक नसेल तर लोहचुंबक मदतीला येतो. 770 अंशांना पोलाद चुंबकाला सोडते. तिथून रंग किंचित उजळला की आपण जवळपास पोहोचलो.

याच तराजूत बेअरिंगचे पोलाद घालून पाहा. आपल्याकडे ते ईएन-31 म्हणून मिळते, अमेरिकी नाव 52100. एक टक्का कार्बन, दीड टक्क्याच्या आतबाहेर क्रोमियम. बॉलबेअरिंगमध्ये एखादा अशुद्ध कण राहिला तर तिथूनच तडा सुरू होतो, म्हणून हे पोलाद गाळतानाच काळजीने स्वच्छ केलेले असते. याची कार्बाइडे अतिशय बारीक असतात आणि नीट वागवले तर माझ्या मते हे ओएचएनएसपेक्षा काकणभर सरस पाते देते. ‘नीट वागवले तर’ हे शब्द मात्र फुकटचे नाहीत. क्रोमियमची कार्बाइडे विरघळायला त्याला 840 अंशांच्या जवळ जावे लागते. कमी पडले तर पाते मऊ राहते, वर गेले तर कण फुगतात. गिरणीतून येताना ते मशीनवर सहज कापले जावे म्हणून मऊ केलेले असते आणि त्यातली कार्बाइडे गोल, जाडसर झालेली असतात. ती आधी नॉर्मलायझिंग करून मोडावी लागतात. चुंबक आणि डोळा यांच्या भरवशावर हे सारे साधत नाही. म्हणून तापमान दाखवणारी विजेची भट्टी ज्याच्याकडे आहे त्याने ईएन-31 घ्यावे, गॅसच्या किंवा कोळशाच्या भट्टीवर काम करणाऱ्याने ओएचएनएस. पहिल्या दहा वस्तऱ्यांसाठी तर कोणाकडे काहीही भट्टी असो, ओएचएनएसच. हा या पुस्तकाचा पक्ष आहे आणि पुढची प्रकरणे तोच धरून लिहिली आहेत.

इथे जाणकार हमखास म्हणतील: सगळा खेळ पाणी देण्याचा आणि घासण्याचा आहे, पोलादाचा नाहीच. चुकीच्या हातात पोलाद कितीही भारी असले तरी माती होते, आणि चांगल्या हातात साधे पोलादही बोलते. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो बराचसा खरा आहे. पण तो माझ्या म्हणण्याला कापत नाही, उलट तिथेच आणून सोडतो. पाणी देण्याचे कौशल्य हवेत राहत नाही. ते एका विशिष्ट पोलादाच्या विशिष्ट तापमानाचे, वेळेचे आणि तेलाचे असते. पोलाद निवडले की आपण भट्टीचे तापमान, धरून ठेवण्याची वेळ, बुडवायचे द्रव आणि टेंपरची उष्णता हे सगळे एकाच वेळी निवडलेले असते. ‘कौशल्य महत्त्वाचे’ म्हणणाऱ्याने त्या कौशल्याला न पेलणारे पोलाद टाळायला आधी शिकले पाहिजे.

गंजाचा मुद्दा अधिक अवघड आहे. कोकणातल्या पावसाळ्यात कार्बन पोलादाचा वस्तरा न्हाणीघरात रात्रभर ओला राहिला तर सकाळी त्याच्यावर तांबूस ठिपके दिसतात, आणि पाठीवर ठिपका दिसण्याआधी धारेची कड खाल्ली गेलेली असते. न गंजणारे पोलाद घ्यायचे तर ते आहे. स्वीडनच्या उडेहोल्मचे एईबी-एल हे मुळात दाढीच्या ब्लेडसाठीच बनवलेले. त्यात कार्बन 0.67 टक्के आणि क्रोमियम 13 टक्के. कार्बन मुद्दाम कमी ठेवल्यामुळे मोठी कार्बाइडे तयार होत नाहीत. एक टक्क्याच्या जवळ कार्बन असलेले, कागदावर अधिक दणकट दिसणारे 440-सी त्याच्यापुढे भरड ठरते. म्हणजे न गंजणाऱ्या पोलादांतही निवड करायची तर बारीकपणाचाच नियम चालतो. अडचण पुन्हा भट्टीची आहे. एईबी-एलला 1050 अंशांच्या वर जावे लागते, हवेपासून जपावे लागते, आणि पूर्ण कडकी हवी तर पाणी दिल्यावर लगेच शून्याच्या बरेच खाली गोठवावे लागते. एमआयडीसीतल्या व्हॅक्यूम भट्टीवाल्याकडून हे करून घेता येते, पण मग कडक झालेले सगळे पाते घरी घासून पोकळ करायचे असते, आणि घासताना कडेचा रंग निळा झाला की केलेले सगळे वाया. शिवाय ते पातळ पट्टीतच जास्त मिळते. त्यावर जुना उपाय आहे: स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावच्या योहान एंगस्ट्रॉमचे वस्तरे, ज्यांत पातळ पाते वेगळ्या जाड पाठीत बसवलेले असे. ज्याला हा खटाटोप करायचा आहे त्याने जरूर करावा. मला त्यात दोष दिसत नाही. इतरांसाठी कोरडे फडके आणि तेलाचा थेंब पुरतो.

शेवटचा वाद भंगाराशी. आपल्या लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या ट्रकच्या पाट्यापासून कोयते आणि जुन्या कानशीपासून सुऱ्या बनवल्या, आणि उत्तम बनवल्या. मग वस्तऱ्यालाच नवी पट्टी कशाला? कारण कोयत्याला मार सोसायचा असतो. पाट्याचे पोलाद त्यासाठीच योग्य: कार्बन 0.55 ते 0.6 टक्के, चिवट, वाकून परत येणारे. तेवढ्या कार्बनवर वस्तऱ्याच्या धारेला लागणारी कडकी उभी राहत नाही, आणि वर्षानुवर्षे खड्ड्यांवर आपटलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. जुनी कानस ही गोष्ट वेगळी. सव्वा टक्क्यापर्यंत कार्बन असलेली जुनी चांगली कानस वस्तऱ्याला खरोखर लायक आहे. पण हल्लीच्या काही स्वस्त कानशी फक्त वरून कडक केलेल्या असतात, आत मऊ लोखंड. बेअरिंगच्या कड्यांचेही तेच: बॉलबेअरिंगचे कडे बहुधा आरपार एका पोलादाचे, तर टेपर रोलर बेअरिंगचे कडे पुष्कळदा वरच्या थरापुरतेच कडक. ग्राइंडरवर उडणाऱ्या ठिणग्या पाहून जाणता माणूस कार्बन कमी की जास्त एवढे सांगेल. मँगनीज एक टक्का आहे की अर्धा, हे ठिणगी सांगत नाही, आणि तेलात बुडवायचे की पाण्यात ते नेमके त्यावर ठरते. भंगाराच्या बाजूने शेवटी बचतीचा मुद्दा राहतो. तोही मोजून पाहू. पंचवीस मिलिमीटर रुंद, सहा मिलिमीटर जाड आणि दीडशे मिलिमीटर लांब तुकडा भरतो सुमारे पावणेदोनशे ग्रॅम. एक किलोत पाच वस्तरे होतात. ज्यावर घासकामाचे अनेक तास खर्च करायचे, त्यात पावणेदोनशे ग्रॅमची बचत कोणी का करावी?

नवी पट्टी घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. ईएन-31 या नावाखाली कार्बन 0.90 पासून 1.20 टक्क्यांपर्यंत कुठेही चालतो. ओएचएनएस म्हणून जर्मन क्रमांक 1.2510 चे पोलाद मिळते आणि 1.2842 चेही, पहिल्यात टंगस्टन असते, दुसऱ्यात ते नसून मँगनीज दोन टक्क्यांच्या घरात असते. दोन्ही वस्तऱ्याला चालतात, पण दोघांचे तापमान अगदी एक नसते. काळी, गरम रोल केलेली पट्टी घेतली तर तिच्या कातडीतला कार्बन जळून गेलेला असतो; ती साल दोन्ही बाजूंनी घासून काढेपर्यंत खरे पोलाद हाताला लागत नाही, म्हणून जाडीत तेवढी सूट धरावी, नाहीतर ग्राइंड केलेली पट्टी घ्यावी. पट्टीच्या एका टोकाला दुकानदाराने रंग लावलेला असतो, तीच तिची ओळख. तुकडा नेहमी दुसऱ्या टोकाने कापावा, आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर पंचने आपली खूण उठवावी, कारण महिन्याभराने कपाटातल्या सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून घ्या नाहीतर गावातल्या टूलरूमच्या पुरवठादाराकडून, पट्टीसोबत गिरणीचे टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावरचा हीट नंबर पट्टीवरच्या नंबराशी ताडून पाहा, कार्बन आणि मँगनीजचे आकडे वहीत उतरवून ठेवा, गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी 0.03 टक्क्यांच्या खाली आहेत ना ते बघा. दुकानदार ‘माल चांगला आहे, कागद कशाला’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. दुसऱ्या दुकानात जा.